सोनेरी केसांचा जमाखर्च

लग्नसराई जवळ आली की खामगाव, मलकापूर, चिखलीकडील व्यापारी घरांत हल्ली एक दृश्य नेमाने दिसते. पुण्यात किंवा नागपुरात शिकणारी अथवा नोकरी करणारी मुलगी सुट्टीला घरी येते आणि तिच्या काळ्या केसांत सोनेरी बटा झळकत असतात. पहिल्या दिवशी कौतुक होते, दुसऱ्या दिवशी कुजबुज होते आणि पंधरा दिवसांत खरी अडचण उभी राहते. सोनेरी बटा तांबूस दिसू लागतात, केस गवतासारखे राठ होतात, कंगव्यात तुकडे येतात. घरच्या लग्नाला महिना उरलेला असतो. आजी म्हणते, काळी मेंदी लावून झाकून टाका. काकू लिंबाचा रस लावून उन्हात बसायला सांगते. पार्लरमधील बाई पुन्हा एकदा ब्लीच करण्याचा सल्ला देते. सल्ले तीन असले तरी तिघांच्या वाटेने नुकसान वाढण्याचीच शक्यता अधिक असते.

केस रंगवावेत की नाही, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे. परंतु रंगवले असतील, तर तो रंग टिकवताना केसांची कमीत कमी हानी कशी होईल, हा व्यवहाराचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर देण्यासाठी केस म्हणजे काय, हे आधी समजून घ्यावे लागते.

भरून न येणारे मुद्दल

केसाचा जिवंत भाग त्वचेखालील मुळात असतो. त्वचेबाहेर आलेला तंतू केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असून त्यात रक्त नाही, संवेदना नाही. म्हणूनच केस कापताना दुखत नाही, आणि म्हणूनच त्याला झालेली इजा त्वचेवरील जखमेसारखी भरून येत नाही. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतो. खांद्याखाली पोहोचणारा ४० सेंटिमीटरचा केस घेतला, तर त्याचे टोक सुमारे ३२ महिन्यांपूर्वी त्वचेबाहेर आलेले असते. इतक्या जुन्या टोकाला दुरुस्त करण्याची कोणतीही सोय शरीराकडे नाही. कंडिशनर आणि तेल त्याला आधार देतात, पुन्हा जिवंत करीत नाहीत. हे मुद्दल एकदा खर्ची पडले की परत मिळत नाही. नवी भर पडते ती केवळ मुळाशी, दरमहा सव्वा सेंटिमीटर.

केसाच्या पृष्ठभागावर घराच्या कौलांप्रमाणे एकावर एक बसलेले सूक्ष्म खवले असतात. त्यांच्या आत केसाचा गाभा असतो आणि रंगद्रव्ये या गाभ्यात असतात. युमेलॅनिन हे काळे-तपकिरी द्रव्य, तर फिओमेलॅनिन हे तांबूस-पिवळे. युरोपातील ज्यांचे केस जन्मतः सोनेरी असतात, त्यांच्या केसांत युमेलॅनिन अत्यल्प असते. आपल्या केसांत ते भरपूर असते. काळा केस सोनेरी करायचा म्हणजे त्यावर सोनेरी रंग चढवणे नव्हे, तर आतील काळा रंग काढून टाकणे. हा फरक अनेकांच्या लक्षात येत नाही.

हे काम ब्लीच करते. परसल्फेट क्षारांची भुकटी आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांचे मिश्रण खवले उचलून आत शिरते आणि रंगद्रव्याचे विघटन करते. हे मिश्रण तीव्र अल्कधर्मी असते. आपल्या जिल्ह्यातील लोणार सरोवराच्या पाण्याचा सामू १० च्या आसपास असतो आणि ब्लीचचा सामूही साधारण त्याच पातळीवर असतो. केसाला मानवते ते मात्र साडेतीन ते साडेपाच या सामूचे, सौम्य आम्लधर्मी वातावरण. त्यातच ब्लीच रंगद्रव्यापाशी थांबत नाही. केराटिनच्या साखळ्यांना परस्परांशी बांधून ठेवणारे गंधकाचे बंधही ते तोडते आणि पृष्ठभागावरील नैसर्गिक स्निग्ध थर काढून टाकते. त्यामुळे ब्लीच केलेला केस पाणी अधिक शोषतो, फुगतो, उशिरा वाळतो, गुंततो आणि ओढला की तुटतो.

किती सोने पुरे?

केसांची गडदता व्यावसायिक मंडळी १ ते १० अशा पायऱ्यांत मोजतात. १ म्हणजे निखळ काळा, १० म्हणजे अगदी फिकट पिवळा. आपल्याकडील बहुतेकांचे केस १ ते ३ या पायऱ्यांवर असतात. तेथून वर जाताना केस लालसर तपकिरी, मग नारिंगी, मग पिवळा आणि शेवटी फिकट पिवळा होतो. वरची प्रत्येक पायरी अधिक महाग पडते, आणि ही महागाई पैशांपुरती नसते. छायाचित्रातील परदेशी नटीसारखा फिकट सोनेरी रंग काळ्या केसांवर आणायचा तर एकाच केसावर अनेकदा ब्लीच करावे लागते. सहाव्या-सातव्या पायरीवरील गडद सोनेरी छटा मात्र कमी खर्चात येते, गव्हाळ वर्णाला शोभते आणि केसही पुष्कळ शाबूत राहतात. हानी टाळण्याचा सर्वांत मोठा निर्णय असा पार्लरच्या खुर्चीत बसण्याआधीच घ्यायचा असतो.

दुसरा निर्णय पद्धतीचा. मुळापासून सर्व केस सोनेरी केले, तर महिन्या-दीड महिन्यात काळी रेघ दिसू लागते आणि पुन्हा ब्लीच करणे भाग पडते. त्याऐवजी मुळाकडचा भाग नैसर्गिक ठेवून मध्यापासून टोकापर्यंत काही बटाच उजळवल्या, तर वाढणारे काळे केस खटकत नाहीत आणि तीन-चार महिने निभावतात. टाळूला ब्लीचचा स्पर्श होत नाही, हा आणखी एक लाभ. मुळाचे काम करावेच लागले, तर ब्लीच केवळ नव्याने वाढलेल्या काळ्या भागावर लावावे. आधी उजळलेल्या भागावर ते पुन्हा पसरले, तर केस नेमका तेथेच तुटतो. वेळ वाचवण्यासाठी सर्व केसांवर एकदम ब्रश फिरवणाऱ्या हाताला ग्राहकाने तेथेच थांबवले पाहिजे.

पेरॉक्साइडच्या बाटलीवरील आकड्याकडेही लक्ष द्यावे. १० व्हॉल्यूम म्हणजे ३ टक्के, २० म्हणजे ६ टक्के, ३० म्हणजे ९ टक्के आणि ४० म्हणजे १२ टक्के. आकडा मोठा तितका रंग लवकर निघतो आणि हानीही वाढते. टाळूच्या जवळ २० व्हॉल्यूमच्या पुढे न जाणे शहाणपणाचे. आपल्या समाजातील अनेक कुटुंबांची जनरल स्टोअर्स आणि सौंदर्यप्रसाधनांची दुकाने आहेत. गल्ल्यावर बसणाऱ्याला या आकड्यांचा अर्थ ठाऊक असावा. घरी वापरण्यासाठी ४० व्हॉल्यूमची बाटली मागणाऱ्या मुलीला दोन शब्द सांगितले, तर एक विक्री कदाचित बुडेल, पण गिऱ्हाईक टिकेल.

रंग बिघडतो तो पाण्याने

आता तांबूसपणाविषयी. पार्लरमधून निघताना जो सुंदर सोनेरी रंग दिसतो, तो ब्लीचवर दिलेल्या टोनरचा असतो. टोनर म्हणजे हलका, तात्पुरता रंग. चार ते सहा आठवड्यांत तो धुऊन जातो आणि खालचा पिवळा किंवा नारिंगी थर उघडा पडतो. म्हणजे ब्लीच अपुरे पडलेले नसते. वरचा मुलामा उतरलेला असतो. येथे पुन्हा ब्लीच करणे ही सर्वांत महागडी चूक होय. पुन्हा टोनर घेणे किंवा घरी रंगीत शांपू वापरणे, हा योग्य उपाय. पिवळ्या छटेवर जांभळा शांपू चालतो, कारण जांभळा हा पिवळ्याचा विरोधी रंग आहे. नारिंगी छटेवर निळा. आपल्याकडील केस बहुधा नारिंगी छटेवर थांबलेले असल्याने अनेकींना निळ्याचीच गरज असते, आणि त्या जाहिरात पाहून जांभळा आणतात. हा शांपू आठवड्यातून एकदा, तीन ते पाच मिनिटे, एवढाच वापरावा. रोज वापरल्यास केस मळकट व कोरडे होतात.

पुण्यात महिनाभर टिकणारा रंग बुलढाणा जिल्ह्यात पंधरा दिवसांत का उतरतो, याचे उत्तर पुष्कळ ठिकाणी बोअरवेलच्या पाण्यात सापडते. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरला आहे. आपल्याकडे शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या तालुक्यांतील गावांना तो पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे. खारपाणपट्ट्याबाहेरही अनेक बोअरवेलचे पाणी जड असते. बादलीला पांढरा थर धरतो, साबणाला फेस येत नाही. त्या पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार ब्लीचने सच्छिद्र झालेल्या केसावर बसतात आणि केस निस्तेज व राठ दिसतो. पाण्यात लोह वा तांबे असेल, तर छटाही पालटते. केसात तांबे साचले असताना पेरॉक्साइड लावल्यास केसाची हानी वाढते. म्हणून ब्लीचच्या आधी क्षार काढणारा, ईडीटीएसारखा घटक असलेला शांपू एकदा वापरणे हिताचे असते.

यावरचा घरगुती उपाय साधा आहे. डोके नेहमीच्या पाण्याने धुवावे, पण शेवटचे दोन-तीन तांबे आरओच्या अथवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याचे घ्यावेत. पाणी कोमट किंवा थंड असावे. अंगाचा साबण केसांना लावू नये, कारण त्याचा सामू ९ ते १० असतो. सौम्य, सल्फेटविरहित शांपू आठवड्यातून दोनदा पुरेसा आहे आणि प्रत्येक वेळी कंडिशनर लावावाच. त्याच्या सौम्य आम्लतेमुळे उचललेले खवले पुन्हा खाली बसतात.

आजीच्या वाटीतील तेल

धुण्याआधी काही तास खोबरेल तेल लावण्याची आपल्या घरातील रीत येथे खऱ्या अर्थाने उपयोगी पडते. मुंबईतील मॅरिको कंपनीच्या आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी २००३ मध्ये ‘जर्नल ऑफ कॉस्मेटिक सायन्स’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. खनिज तेल, सूर्यफूल तेल आणि खोबरेल तेल यांच्या तुलनेत केवळ खोबरेलाने केसांतून होणारी प्रथिनांची झीज लक्षणीयरीत्या कमी झाली. साध्या केसांत हे दिसले, तसेच ब्लीच केलेल्या केसांतही दिसले. संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीचे होते, ही गोष्ट वाचकाने ध्यानात ठेवावी. तथापि त्यांनी दिलेले कारण पटण्याजोगे आहे. खोबरेलातील लॉरिक आम्लाचा रेणू लहान व सरळ असल्याने तो केसाच्या आत शिरतो, आणि आत तेल असले की धुताना केस कमी फुगतो. तेल थोडे आणि रंगहीन असावे. फार चोपडले, तर ते काढण्यासाठी शांपू वाढतो आणि मिळवलेला लाभ निघून जातो.

आवळा-शिकेकाईचे मात्र तसे नाही. काळ्या केसांना ती चांगली, पण त्यांतील टॅनिनमुळे सोनेरी केस काळपटतात, आणि लोखंडी कढईत भिजवलेला आवळा तर काळाच रंग देतो. लग्नघरातील हळदीचीही धास्ती बाळगावी. ब्लीच केलेला केस हळद चटकन शोषून पिवळाधमक होतो. हळदीच्या आधी बटांना तेल लावून, केस घट्ट नव्हे पण व्यवस्थित बांधून वर कापड गुंडाळावे. तरीही डाग पडला, तर घाबरून ब्लीच करू नये. हळदीचा रंग उजेडात फिका होत जातो. धुळवडीच्या रंगांना हेच पथ्य लागू आहे.

उन्हाने रंग उतरतो आणि केराटिनही झिजते. काकूंचा लिंबू-उन्हाचा प्रयोग म्हणूनच नको. दुचाकीवरून जाताना विदर्भातील मुली डोक्याला स्कार्फ बांधतात, तीच सवय केसही राखते. ओल्या केसांवर इस्त्री कधीही फिरवू नये. आतील पाण्याची वाफ होऊन केस आतून फुटतो. ओला, ब्लीच केलेला केस सर्वांत दुबळा असतो, म्हणून टॉवेलने चोळण्याऐवजी टिपावा आणि रुंद दातांच्या कंगव्याने टोकाकडून वर सोडवत जावे.

काळ्या मेंदीचा धोका

आता आजीच्या सूचनेविषयी. शुद्ध मेंदीची पाने तांबूस रंग देतात, काळा नाही. बाजारातील ‘काळी मेंदी’ बहुधा पीपीडी नावाच्या रसायनामुळे काळी होते. पीपीडीची अॅलर्जी गंभीर असू शकते. टाळूला खाज, चेहऱ्यावर सूज, डोळे मिटण्याइतकी सूज, असे प्रकार त्यात घडतात. काही भुकट्यांत धातूंचे क्षारही असतात. असे क्षार केसांत असताना पुढे कधी ब्लीच लावले, तर त्यांची पेरॉक्साइडशी तीव्र प्रक्रिया होऊन केस तापतो आणि विरघळल्यासारखा तुटतो. म्हणून गेल्या दोन-तीन वर्षांत केसांना काय काय लावले, हे पार्लरमध्ये न लपवता सांगावे. केसाच्या टोकाला ती वर्षे अजून शिल्लक असतात. आधी एका आतल्या बटेवर चाचणी घ्यावी, आणि कोणताही कायम रंग लावण्यापूर्वी ४८ तास कोपराच्या आतल्या बाजूस थोडासा लावून पाहावा. हे दोन दिवस वाचवण्याच्या नादात लग्नाच्या दिवशी सुजलेला चेहरा घेऊन बसण्याची वेळ येऊ शकते.

तुटणे आणि गळणे यांतील भेदही ओळखावा. कंगव्यातील केस आखूड व दोन्हीकडे तुटका असेल, तर दोष ब्लीच, उष्णता किंवा ओढाताणीचा. केस पूर्ण लांबीचा, मुळाशी बारीक पांढरा गोळा असलेला असेल, तर तो मुळापासून गळलेला आहे. रोज थोडे केस असे गळतातच. पुंजके येऊ लागले, तर त्याचे कारण शरीरात शोधावे लागते. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांत लोकांचे केस काही दिवसांत झडून टक्कल पडू लागले, तेव्हा प्रथम संशय पाण्यावर आणि बुरशीवर गेला. शांपूचीही चर्चा झाली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पथक येऊन नमुने घेऊन गेले. पुढे महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातील सेलेनियमचे अतिप्रमाण हे कारण असल्याचे मांडले. मुळापासूनची गळती बाहेरून लावलेल्या पदार्थाने समजत नाही आणि थांबतही नाही, हे या जिल्ह्याने जवळून पाहिले आहे. अशी गळती सुरू असेल, तर रंग, टोनर सर्व बाजूला ठेवून त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे.

लेबल वाचण्याची सवय

अहिंसेचा विचार करणाऱ्या घरात आणखी एक गोष्ट पाहावी लागते. २०१४ मध्ये भारतात सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरील चाचण्यांना आणि तशा चाचण्या केलेल्या प्रसाधनांच्या आयातीलाही बंदी झाली. पण घटक प्राणिज आहेत की नाहीत, हा वेगळा प्रश्न आहे. केस ‘दुरुस्त’ करणाऱ्या क्रीममधील केराटिन बहुधा लोकर, पिसे किंवा शिंगे यांपासून काढलेले असते. सिल्क प्रोटीन रेशमाचे, लॅनोलिन लोकरीचे. मध व मधमाशांचे मेणही अनेक मास्कमध्ये असते. यांऐवजी गव्हाचे वा सोयाबीनचे प्रथिन आणि खोबरेल असलेली उत्पादने सहज मिळतात. हिशेबाचे कागद बारकाईने वाचणाऱ्या घराला डब्यामागील बारीक अक्षरे जड जाऊ नयेत.

लग्नाला महिना उरला असेल, तर क्रम असा ठेवावा. पहिल्या आठवड्यात फाटलेली टोके दोन-तीन सेंटिमीटर कापून घ्यावीत आणि क्षार काढणारा शांपू एकदा वापरावा. पुढील दोन आठवडे धुण्याआधी खोबरेल, धुतल्यावर कंडिशनर, शेवटी मऊ पाणी आणि इस्त्रीला सुट्टी. लग्नाच्या आठवड्यात, चाचणी घेतल्यानंतर, टोनर. ब्लीच एकदाही नाही. बटा पहिल्या दिवसाइतक्या फिकट दिसणार नाहीत, पण गजरा माळताना हातात तुटून येणार नाहीत.

लग्नघरातील त्या वादाचा निकाल मग कोणाच्या बाजूने लागला? काळ्या मेंदीच्या बाबतीत नातीचे ऐकावे आणि तेलाच्या बाबतीत आजीचे. संध्याकाळी ओसरीवर आजीने खोबरेलाची वाटी घेऊन बसावे, नातीने समोर पाठ करून बसावे. रंगाविषयीचे मतभेद त्या अर्ध्या तासात मिटतीलच असे नाही. केसांना मात्र जे हवे ते मिळालेले असेल.